एका घासाचा लाडू

साखरबाई फाटकाच्या आत आली नाही. गज धरून बाहेरच उभी राहिली.

"तात्या, यंदा न्हाय ना?"

"काय न्हाय?"

"भाऊबिजेचं."

वसुबारसेची सकाळ होती. मी शेवग्याला पाणी घालत होतो. पाइप हातात तसाच राहिला आणि सगळं पाणी एकाच आळ्यात साचलं.

"न्हाय कसं? हाय की," मी म्हणालो.

"खरंच?"

"नेहमीच्या वेळेला या. बाकीच्यांनाबी सांगा."

ती भराभरा निघून गेली, जणू मी शब्द फिरवीन अशी तिला भीती होती. ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर मला कळलं की आपण काय बोलून बसलो. माझी बायको सारजा जाऊन सहावा महिना चालू होता. एवढ्या दिवसांत मी वरणभात आणि बटाट्याची भाजी शिकलो होतो. त्यापलीकडे मला काही येत नव्हतं.

भाऊबिजेचं म्हणजे काय, ते सांगतो. सारजाला एकच भाऊ होता, तो लग्नाआधीच कावीळ होऊन गेला. साखरबाईला तर भाऊच नव्हता. भाऊ नसलेल्या बाईनं त्या दिवशी चंद्राला ओवाळायचं, अशी रीत आहे. पण बीजेची कोर आभाळात खाली असते आणि दिवस मावळल्यावर तासाभरात बुडते. आमच्या सणसरला त्या दिवसांत ऊस दोन पुरुष उंच झालेला असतो. साखरबाईच्या घराला चारी बाजूंनी ऊस. अंगणातून तिला कोर कधी दिसायचीच नाही. ती नुसत्या आभाळाला ओवाळायची. आमच्या घरावर स्लॅब पडला त्या वर्षी सारजानं तिला गच्चीवर बोलावलं. दोघींनी चंद्राला ओवाळलं आणि तिथंच बसून तळहातावर शेंगदाणे आणि गूळ घेऊन खाल्ला. पुढच्या वर्षी चौघी झाल्या. गेल्या वर्षी सतरा होत्या. सगळ्याच बिनभावाच्या नव्हत्या. कुणाच्या भावानं बोलणं टाकलेलं, कुणाला सासू पाठवत नव्हती, कुणी नुसती हसायला यायची.

सारजाचे दोन नियम होते. एक म्हणजे ताटली नाही. "दिवाळीभर भांडी घासून बायांच्या हाताची सालं निघाल्यात. आज कुणी भांडं घासायचं न्हाय," असं ती म्हणायची. सगळं हातावर घेऊन खायचं. दुसरा नियम, जे करायचं ते एका घासाचं करायचं. "बोलता बोलता तोंडात टाकता आलं पायजे. लाडू मोठा झाला की गोष्ट अडकती."

त्या संध्याकाळी मी घरात नसायचो. मारुतीच्या पारावर जाऊन बसायचो. गच्चीवरचं हसणं पारापर्यंत ऐकू यायचं.

दुपारपर्यंत बातमी माझ्या थोरल्या वहिनींकडे, ठमाबाईंकडे पोचली. त्या आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढं आहे, पण भावकीत कुणाच्या घरी काय करायचं आणि काय नाही, हे अजून त्याच ठरवतात. आल्या आणि खुर्चीवर न बसता उंबऱ्यावर बसल्या.

"गेणबा, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? वरीस सरलं न्हाय. दुःखाचं घर हाय. यंदा ह्या घरात कढई चढवायची न्हाय."

"कढई चढवत न्हाय."

"मग बायांना काय वारा खायला घालणार?"

"न तळता करतो."

"तू करणार?" वहिनी हसल्या. "शेगडीवर दूध ठेवलंस तर शेगडीलाच पाजतोस तू."

"शिकतो."

"शिक बाबा. पर एकट्या गड्याच्या घरात बायामाणसं येत्यात व्हय? त्यांच्या घरची काय म्हणतील?"

"तुमी या. जिन्यापाशी बसा. तुमी बसल्यावर कोण काय म्हणतंय?"

"मी न्हाय यायची. माझी धाकटी जाऊ गेली. तिच्या घरात सण करायला येऊ मी?" त्यांनी पदर तोंडाला लावला. मी केलेला चहा अर्धा ठेवून उठल्या आणि फाटक उघडं टाकून गेल्या.

मी फाटक लावलं. घरात येऊन मुलीला, माधवीला फोन केला. ती हडपसरला असते. पंधरा दिवसांची बाळंतीण होती, आणि बाळंतपण सासरीच झालं होतं, कारण माहेरी करायला कोण होतं?

"आबा, बारामतीतनं मागवा की," ती म्हणाली. "आता तयार बॉक्स मिळत्यात. ढोकळा, कचोरी, पेढा, सगळं एकात. मी हितनं फोनवर सांगते."

"नको."

"का पण?"

"तुझी आई दोन दिवस खपायची. बायांना ते ठाऊक असायचं. बॉक्स दिला तर बॉक्स घेऊन घरी जातील, बसायच्या न्हाईत."

माधवीनं बॉक्सचा विषय सोडला. मग म्हणाली, "कोथिंबीर वडी करा. उकडायची असती, तळली न्हाय तरी चालती. शेंगदाण्याच्या लाडवाला तर तेलच लागत न्हाय. आन् पेरू कापून ठेवा."

"चुरमुऱ्याचे लाडू करतो. पाक मला येतो."

"आबा, पाकाच्या नादाला लागू नका."

मी अडतीस वर्षं साखर कारखान्यात पॅनवर होतो. रस शिजत असताना काचेवर नमुना घ्यायचा, दोन बोटांत चोळायचा आणि दाणा धरला का ते सांगायचं, हे माझं काम. मला कुणी पाकाच्या नादाला लागू नका म्हणावं, याचा राग आला. 

दुसऱ्या दिवशी डबे काढले. सारजाचे अठरा डबे. कशात काय आहे हे तिलाच माहीत होतं, एकावरही चिठ्ठी नव्हती. तीळ शोधायला मला सगळे उघडावे लागले. डाळ-तांदूळ सोडले तर प्रत्येक डब्यात माल तिनं ठेवला होता तेवढाच होता. बेसनाच्या डब्यात कान तुटलेला एक कप उभा होता, तिच्या मापाचा. मी डबा लावून टाकला. चहा केला. मग परत उघडला आणि पीठ चाळलं. कुणी डबा उघडला नाही तरी पिठाला सहा महिन्यांत पोरकिडे लागतात. ते टाकून दुकानातून नवं आणलं. कप मात्र धुऊन तोच वापरला.

शेजारच्या अविराजची बायको प्रतिक्षा हिनं भिंतीवरून हाक मारली. आमच्या दोन घरांमधली भिंत खांद्याइतकी आहे.

"तात्या, मदतीला येऊ का? पर घरात पाऊल टाकता येणार न्हाय. सासूबाई म्हणल्या, ठमाआत्यांनी न्हाय म्हणलंय तर जायचं न्हाय."

"मग मदत कशी करणार?"

"भिंतीवरनं बोलायचं न्हाय, असं न्हाय म्हणल्या त्या."

ती सांगत गेली आणि मी करत गेलो. दोन जुड्या कोथिंबीर, चार कप बेसन, लसूण-मिरची वाटून, हळद, तीळ, मीठ. पाणी एकदम घालायचं नाही. ताटलीला तेलाचं बोट लावून थापायचं आणि वीस मिनिटं वाफेवर ठेवायचं. मी लगेच सुरी लावली आणि सगळ्या वडीचा भुगा झाला.

"गार होऊ द्यायची असती, तात्या!"

"मग आधी सांगायचं!"

"तुमी एवढी वर्षं खाल्ली, कधी गरम कापलेली बघितली का?"

खरं होतं. मी फक्त ताटात आलेली बघितली होती. भुगा मी रात्रीच्या जेवणाला खाल्ला.

वडीला वरून फोडणी लागते. फोडणी म्हणजे तळण होतं का, हा प्रश्न आला. प्रतिक्षा सासूला विचारायला आत गेली, सासू ठमावहिनींना विचारायला गेली. अर्ध्या तासानं निकाल आला.

"पळीत केली तर चालतीया. कढईत न्हाय."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी गावभर फटाके वाजत होते. माझ्या दारात पणती नव्हती. मी शेंगदाणे भाजले, टरफलं काढली, गुळासंगे मिक्सरला फिरवले, वेलदोडा घातला आणि लाडू वळले. तीस झाले. भिंतीवर ताट ठेवून प्रतिक्षाला दाखवले.

"तात्या, हे बैलाला चारायचेत का?"

"एका घासाचे हायत."

"कुणाच्या घासाचे?"

मी एक उचलून तोंडात टाकून दाखवला. मला तिला काही सांगायचं होतं, पण माझं तोंड भरलेलं होतं, बोलता येईना. ती हसत हसत भिंतीमागं खालीच बसली. मग तिचा हात वर आला. त्यानं ताटातला एक लाडू फोडला, आणि थोड्या वेळानं त्याच हातानं बोराएवढा लाडू माझ्या तळहातावर ठेवला.

"एवढा. काकी एवढा करायच्या."

मी तो बघत राहिलो. हा लाडू मी ओळखत होतो. डबा उघडून मी एका वेळी चार-चार तोंडात टाकायचो आणि सारजा ओरडायची, "ते तुमच्यासाठी न्हाईत!" मी उरलेले सगळे लाडू मोडले आणि बसून नव्यानं वळले. एकशे बावीस झाले. पाठ धरली, पण उठलो नाही.

पाडव्याला पाकाला बसलो. हे माझं काम होतं, इथं भिंतीवरून कुणाला विचारायची गरज नव्हती. पातेल्यात गूळ ठेवला, आच धरली, आणि बोटांत चोळून दाण्याची वाट बघू लागलो. सारजा वाटीत पाणी घ्यायची, पाकाचा थेंब त्यात सोडायची, गोळी करून भांड्यावर आपटायची. आवाज आला की पाक झाला. मी तिला हसायचो. "कारखान्यात असं आपटत बसलो तर गाळप पुढच्या वर्षी संपंल," म्हणायचो. एकदा ती म्हणाली, "तुमची साखर पोत्यात जाती. माझा लाडू तोंडात जातोय."

दाणा धरायची वाट बघता बघता पाक काळा पडला. तरी मी चुरमुरे ओतले. लाडू वळताना हात भाजले, आणि गार झाल्यावर एक लाडू ओट्यावर आपटला तर ओट्याचा टवका उडाला. मी ते सगळे डब्यात भरून माळ्यावर टाकले आणि कुणाला सांगितलं नाही. पण प्रतिक्षाला वास गेला होता. "तात्या, काय जळलं?" तिनं विचारलं. "काय न्हाय," मी म्हणालो.

भाऊबिजेला सकाळी वडी उकडली. दुपारपर्यंत हात लावला नाही. मग सारख्या, लहान कापल्या, पळीत मोहरी तडतडवली आणि वर ओतली. एक तुकडा खाल्ला. मीठ थोडं जास्त होतं, पण वडी वडीसारखी होती. चार वाजता गच्ची झाडली, सतरंज्या टाकल्या, पाण्याचा माठ वर नेला. पेरू सगळ्यांत शेवटी कापले आणि तिखट-मीठ लावलं, नाहीतर त्याला पाणी सुटतं. आंघोळ करून धुतलेला सदरा घातला.

बाया साडेपाचला यायच्या. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. रस्त्यावर कुणी नव्हतं. प्रतिक्षाच्या घराचं दार बंद होतं. मी वड्यांवरचं फडकं काढलं, परत झाकलं. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला.

खाली जाऊन फाटकात उभं राहावं असं वाटलं, पण गेलो नाही. कुणाला बोलवायला जायचं नाही, असं ठरवलं. साखरबाईला मी हाय म्हणालो होतो. कोर बुडेपर्यंत गच्चीवर बसायचं. ती एकटी आली तरी तिच्यापुरतं सगळं तयार पाहिजे, आणि ती नाही आली तरी तयार पाहिजे.

सहा वाजून गेल्यावर वळणावर माणसं दिसली. पुढं ठमावहिनी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात झाकलेलं ताट. मागं साखरबाई. आणि त्यांच्या मागं एकीमागं एक बाया, प्रत्येकीच्या हातात झाकलेलं ताट. शेवटी प्रतिक्षा आणि तिची सासू. मी जिन्यावरून कसा खाली आलो मला आठवत नाही.

"गेणबा, फाटक उघड," वहिनी रस्त्यावरूनच मोठ्यानं म्हणाल्या, चार घरांना ऐकू जाईल असं. "दुःखाच्या घरी फराळ घालायला आलोय आमी. सणाला न्हाय."

"व्हय, वहिनी."

"दुःखाच्या घरी कढई चढत न्हाय, तवा फराळ भावकीनं आन् शेजाऱ्यानं न्यायचा असतो. घरात बाई हाय का गडी, ते बघत न्हाईत. ही रीत हाय. एकेकीनं हेलपाटा घालण्यापरीस सगळ्या संगट आलो." मग त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ही साखरी चार दिस माझ्या दारात येऊन बसतीया. भांडत न्हाय, बोलत न्हाय, नुसती बसतीया. माझं जेवण जाईना."

साखरबाई खाली बघत होती.

चौदा होत्या. नेहमीच्या काहीजणी आल्या नाहीत. ताटं खाली ओट्यावर ठेवून सगळ्या वर गेल्या. मी चपला घालून पाराकडं निघालो.

"कुठं चाललास?" वहिनी जिन्यातून ओरडल्या. "केलंस तू आन् वाढायचं कुणी? वर ये."

मी वर गेलो. बाया सतरंजीवर बसल्या होत्या. सारजा बसायची ती जिन्याजवळची जागा त्यांनी मोकळी सोडली होती. मी पहिली वडी साखरबाईच्या हातावर ठेवली. तिनं ती तोंडात टाकली. सगळ्या तिच्याकडं बघत होत्या.

"मीठ जास्त हाय," साखरबाई म्हणाली.

"व्हय, थोडं."

"सारजाचंबी पहिल्या वर्षी असंच झालं हुतं. नुसत्या गूळ-शेंगदाण्यात मीठ घातलं हुतं तिनं."

कुणीतरी हसलं. मग दुसरी म्हणाली, सारजाकाकीनं एकदा वड्यांत तीळ समजून राजगिरा टाकला होता. मग सगळ्याच बोलायला लागल्या. मी हातांवर ठेवत फिरत होतो, लाडू, वडी, पेरू. बोलता बोलता लाडू तोंडात जात होते आणि कुणाची गोष्ट अडकत नव्हती.

"तात्या, चुरमुऱ्याचे कुठायत?" प्रतिक्षानं विचारलं. "मला वास आलाय, लपवू नका."

माळ्यावरचा डबा आणावा लागला. पहिलीनं चावून बघितला आणि तोंडातून काढून वर उजेडात धरला.

"तात्या, दात पडला तर तुमी बसवून देणार का?"

"साखर कारखान्याचा माणूस हाय, सिमेंट कुठं शिकला?"

"अगं, टाकू नका, दाराला टेकू लावायला घेऊन जाऊ!"

ठमावहिनींनी एक गालात धरला. "मला दात न्हाईत. मला चालतोय," त्या म्हणाल्या, आणि चघळत बसल्या.

अंधार पडू लागला. उसाच्या शेंड्यांवर कोर दिसली, अगदी बारीक.  साखरबाईनं पदराखालून लहान तबक काढलं. त्यात निरांजन होतं. ती ठमावहिनींकडं बघत तशीच उभी राहिली, काडी न ओढता. दुःखाच्या घरात ओवाळायचं नसतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

वहिनींनी काठी टेकली, बसल्या जागी वळल्या आणि कोरेकडं पाठ करून कारखान्याच्या चिमणीकडं तोंड केलं.

"अंधार पडला की मला काय दिसत न्हाय," त्या म्हणाल्या.

साखरबाईनं काडी ओढली. वारा होता, तिसऱ्या काडीला वात पेटली. तिनं चंद्राला ओवाळलं. मग तबक दुसरीकडं गेलं, मग तिसरीकडं. मी माठाजवळ उभा होतो. एवढ्या वर्षांत मी हे एकदाही बघितलं नव्हतं. पारावरून फक्त ऐकलं होतं.

बाया खाली आल्या तोवर मी फराळ डब्यांत काढून मोरीवर बसलो होतो. चौदा ताटं होती. साखरबाई धावली.

"तात्या, राहू द्या, आमी घासतो."

"आज कुणी भांडं घासायचं न्हाय," मी म्हणालो.

त्या दारात उभ्या राहिल्या. गड्यामाणसानं त्यांची ताटं घासावीत हे त्यांना बघवत नव्हतं, पण कुणी हात लावला नाही. थोड्या वेळानं प्रतिक्षाची सासू म्हणाली, "त्या कडेला तूप राहिलंय." मी परत घासलं. मग दुसऱ्या एकीनंही कडा बघायला सुरुवात केली. एकेक ताट पुसलं, रिकामं द्यायचं नाही म्हणून त्यात उरलेल्या वड्या घातल्या आणि जिचं तिला दिलं.

ठमावहिनींनी त्यांचं ताट घेतलं नाही.

"हे असू दे हितं. चुरमुऱ्याचे नीट झाले की त्यात घालून आण. मऊ कर. मला दात न्हाईत."

"मगाशी तर चालतोय म्हणालात."

"बायांपुढं म्हणलं," त्या म्हणाल्या आणि काठी टेकत गेल्या. साखरबाई त्यांना सोडायला मागं गेली. फाटकात थांबून तिनं फक्त एकदा वळून बघितलं. पुढच्या वर्षाचं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींचं ताट ओट्यावर ठेवलं आणि पातेल्यात गूळ चढवला. शेजारी वाटीत पाणी घेतलं. बोटात चोळून बघितलं नाही. पाकाला बुडबुडे आल्यावर एक थेंब पाण्यात सोडला, गोळी केली आणि पातेल्याच्या काठावर आपटली. आवाज आला नाही. आच थोडी कमी केली आणि दुसरा थेंब सोडला.